नमुना घराची मोरी

मी नोकरीला होते त्या कारखान्यात घरं बनायची, बिस्किटं बनतात तशी. एका टोकानं खडी-सिमेंट आत जायचं आणि दुसऱ्या टोकानं अख्खी खोली बाहेर यायची. टाइल बसवलेली, खिडकीला काच लावलेली, नळ-बटणं सगळी जागच्या जागी, वरून प्लास्टिक गुंडाळलेलं. क्रेन ती खोली उचलून ट्रेलरवर ठेवायची आणि साइटवर दुसरी क्रेन अशा खोल्या एकीवर एक रचायची. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. अभिमानाचा. खोटं कशाला बोलू.

अभिमान माझ्यात जरा जास्तच आहे, असं लोक म्हणतात. म्हणू देत. माझे वडील मार्केटात माथाडी. जन्मभर कांद्या-बटाट्याच्या गोण्या पाठीवर वाहिल्या त्यांनी आणि त्यांची मुलगी सिव्हिल इंजिनीअर झाली. आमच्या आजोळी आणि आमच्या घरी मिळून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पदवीचा झगा घातलेला माझा फोटो आईनं टीव्हीच्या वर लावलाय आणि कुणी पाहुणा आला की त्याला ती बरोबर फोटोसमोरच्या खुर्चीतच बसवते. मला त्याची लाज वाटत नाही.

आम्ही कोपरखैरण्याला बैठ्या घरात राहतो. माथाडी कामगारांसाठी बांधलेल्या गल्ल्या आहेत त्या. माणसं बहुतेक पाटण, कोरेगाव, जुन्नरकडची. भिंतीला भिंत लागून घरं, वर मागाहून चढवलेला माळा, दाराशी धुण्याचा दगड. पावसाळ्यात भिंतींना पोपडे येतात, माळ्यावर उभं राहिलं तर डोकं पत्र्याला लागतं. पण घर स्वतःचं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते पाठीनं मिळवलेलं. ते घर पाडायला कंपनीच्या ताब्यात द्यायचं की नाही, हा प्रश्न आमच्या गल्लीपुढे आला तेव्हाची ही गोष्ट. आणि कंपनी कुठली, तर मी जिथं नोकरी करत होते तीच.

पण आधी बाथरूमचं सांगते, कारण सगळी घाण तिथूनच निघाली.

मी क्वालिटी खात्यात होते आणि माझ्याकडे मुख्यतः बाथरूम. बाथरूम वेगळंच बनायचं, एक अख्खी पेटीच. कारखान्यात त्याला पॉड म्हणायचे. सुरुवातीला त्याची जमीन काँक्रीटची असायची, उतार साच्यातच दिलेला. पेटी तयार झाली की आम्ही जाळीला बूच मारायचो, घोटा बुडेल एवढं पाणी भरायचो, भिंतीवर पेन्सिलीनं रेघ ओढायचो आणि दुसऱ्या दिवशी बघायचो. पाणी रेघेखाली गेलं, किंवा पेटीच्या पोटाला ओल दिसली, की ती पेटी परत. त्यात माझं काही डोकं नाही. आमच्या मास्तरांनी कॉलेजात जे शिकवलं ते.

मग स्केल-अप आलं, म्हणजे तेवढ्याच दिवसांत जास्त घरं काढायची. त्या शब्दाची मला शिसारी बसलीय. चहाच्या मशीनपाशी स्केल-अप, जेवताना स्केल-अप, नव्या वर्षाच्या केकवर सुद्धा क्रीमनं तेच लिहिलेलं. हेड ऑफिसहून नवे मोठे साहेब आले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात मोजे नसलेले बूट. पहिल्याच मीटिंगला म्हणाले, "आपण घरं विकत नाही, आपण वेग विकतो." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारच्यानं तर उभं राहून वाजवल्या.

वेग हवा म्हणून पेटी हलकी हवी, पेटी हलकी हवी म्हणून काँक्रीटची जमीन गेली. तिच्या जागी फायबरचा पातळ ट्रे आला, वर टाइल चिकटवलेली, खाली पाइपांसाठी पोकळी. बोटानं टकटक केलं की डब्यासारखा आवाज. पाणी भरून ठेवायची चाचणीही गेली, कारण यार्डात पेट्यांची रांग लागायची. त्याऐवजी पाइपानं जरा फवारा मारायचा, पुसायचं आणि पुढे ढकलायचं.

मी मीटिंगमध्ये हात वर केला. "सर, ह्या ट्रेला शॉवरचं पाणी चालेल. आपले लोक बादली ओततात. पाटावर बसून आंघोळ करतात, तिथंच कपडे आपटतात. ट्रे लवचीक आहे, रोज दणके बसले की जाळीपाशीचा सांधा सुटेल. पाणी पोकळीत गेलं तर बाहेर यायला वाटच नाही."

"मॅडम," साहेब हसले, "आता कोण कपडे आपटतं? घरोघरी वॉशिंग मशीन आहे."

"आमच्याही घरी आहे सर. आई त्याच्यावर पापडाचे डबे ठेवते."

सगळे हसले. मला वाटलं माझ्याबरोबर हसले. नंतर कळलं, माझ्या आईला हसले.

त्या जमिनीच्या पहिल्या पेट्या गेल्या त्या न्हावा शेव्याकडे, कंटेनरच्या ड्रायव्हर लोकांना आराम करायला बांधलेल्या वसतिगृहात. काही महिन्यांनी तिथून तक्रार आली, वास येतो म्हणून. मला पाठवलं.

वास येतो! फाटकातून आत शिरले तेव्हाच माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसलं. ड्रायव्हर लोक बाहेर व्हरांड्यात चटया टाकून पडलेले. खोल्या रिकाम्या. एक म्हातारेसे ड्रायव्हर मला म्हणाले, "बेटी, अंदर मत जा, पहले नाक बाँध ले." मी ओढणी बांधली आणि गेले. टाइल वरून पांढरीशुभ्र. जाळीभोवतीची टाइल काढली, ट्रेची कड पहारीनं उचलली.

खाली काळं पाणी होतं. पाणी तरी कसं म्हणू, रसा होता तो. साबणाची साय, केसांचे गुंते, गुटख्याचा चोथा, आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या, बारीक, पांढऱ्या, भाताच्या शितांएवढ्या. हे सगळं महिनोन् महिने माणसांच्या पायाखाली बोटभर अंतरावर कुजत होतं आणि वर माणसं अंगाला साबण लावत होती. मी बाहेर येऊन नळाशी ओकले. चार दिवस भात खाल्ला नाही.

मोबाइलवर काढलेले फोटो मी मोठ्या साहेबांना दाखवले. त्यांनी एकच बघितला आणि फोन पालथा घातला. "लंचच्या आधी नको ना, मॅडम." मग खुर्चीत रेलले. "हे बघा, हा प्रॉडक्टचा दोष नाही. हे लोक वापरतातच चुकीचं. आपण त्यांची सवय बदलू."

सवय बदलू, म्हणजे काय केलं? स्टिकर छापला. "बाथरूममध्ये कपडे आपटू नयेत. बादलीने पाणी ओतू नये." खाली हसणारा थेंब. स्वतःची घाण दुसऱ्याच्या अंगाला पुसायची, आणि वर त्यालाच शिस्त शिकवायची, हे मी कारखान्यात शिकले. साहेबांचा स्वतःचा बंगला पनवेलच्या पुढे बांधायला घेतला होता. आमच्या कारखान्याचीच पोरं मदतीला जायची, म्हणून मला ठाऊक. विटांचा. बाथरूमला कोबा.

मी तेव्हाच नोकरी का सोडली नाही, असं कुणी विचारेल. दुसरी शोधत होते. आमच्यासारख्यांच्या घरात एक नोकरी हातात असल्याशिवाय दुसरी सोडत नाहीत. आणि तेवढ्यात आमच्या गल्लीचं निघालं.

बैठी घरं पाडून तिथं टॉवर करायचा, कारखान्यातल्या खोल्या आणून रचायचा, वर्षभरात चाव्या हातात. गल्लीच्या कमिटीचे अध्यक्ष, ज्यांना सगळी गल्ली भाऊ म्हणते, ते कंपनीच्या लोकांना घेऊन घरोघर फिरू लागले. लिफ्ट मिळणार, बेडरूम वेगळी मिळणार. ज्या घरात लग्नाचा मुलगा माळ्यावर झोपतो त्या घराला बेडरूम म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. लोक भुलले त्यात त्यांची चूक नव्हती. पण भाऊ आणि त्यांची कमिटी कर्जतच्या रिसॉर्टला जाऊन आली होती, कंपनीच्या गाडीतून, आणि येताना प्रत्येकाच्या अंगात कंपनीचा टी-शर्ट. तो टी-शर्ट घालून भाऊ सकाळी दूध आणायला जायचे. मला बघवायचं नाही.

मोठ्या साहेबांना कळलं की ही माझीच गल्ली. माझ्यावर एवढे खूश झाले, की मला केबिनमध्ये बोलावून कॉफी दिली. "तुमचीच माणसं! आधी नाही का सांगायचं?" आठवड्याभरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी मैदानात नमुना घर येऊन बसलं. तेच, कारखान्यातलं, ट्रेलरवरून आणलेलं. आणि त्याच्याशेजारी पुरुषभर उंचीचा बॅनर. बॅनरवर माझा फोटो, हेल्मेट घातलेला, माझ्या ओळखपत्रावरून उचललेला. खाली लिहिलेलं: "आपल्या गल्लीची लेक, आपल्या घराची इंजिनीअर."

मला कुणी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी घरी गेले तर आई उंबऱ्यातच उभी. "आगं, केवढा मोठा लावलाय! मी तिकडनंच भाजी आणाया गेलती, दोनदा गेली." तिचा चेहरा असा उजळलेला, की मला आधी पाणी प्यावं लागलं. मग मी दोघांना बसवून सगळं सांगितलं. न्हावा शेव्याचं सुद्धा. अळ्यांचं सांगताना आईनं पदर तोंडाला लावला.

आबा म्हणाले, "मी तर भाऊला होय म्हनून बसलोय."

"कधी?"

"परवा. त्यानं इचारलं, आबा, तुमची पोरगी कंपनीत हाय, तुमास्नी काय वाटतं? म्या म्हनलं, माझी पोर जिथं हाय तिथं खोटं काम व्हनार न्हाई." आबांनी माझ्याकडं बघितलं नाही. "माझ्या त्या शब्दावर निम्म्या गल्लीनं होय म्हनलंय."

मला काय वाटलं असेल? माझी पदवी, आबांचा शब्द, आईचा आनंद, सगळं त्या लोकांनी उचलून आपल्या बॅनरला चिकटवलं होतं. न्हावा शेव्याच्या त्या काळ्या पाण्यात आपलंच तोंड दिसावं, तसं झालं.

मी भाऊंकडे गेले. ते टी-शर्ट घालूनच बसले होते. फोटो दाखवले.

"हे आपल्या इथलं हाय का?"

"नाही, न्हावा शेव्याचं. पण पेटी तीच."

"मग? तिथं ड्रायव्हर लोक. त्यांनी काय वाट्टेल ते केलं आसंल." भाऊंनी पुढचे फोटो न बघताच फोन परत केला. "पोरी, तू शिकलेली हायेस, म्हणून तुला सगळ्यात खोट दिसती. लोकांना घर मिळतंय तर मिळू दे की. का तुझं पगाराचं काय वाजलंय कंपनीशी?"

"भाऊ, माझ्या पगाराचा विषय नाही हा."

"मग सभेत बोल. पुरावा आण. रविवारी लोक नमुना घर बघणार, संध्याकाळी सभा, तिथंच हात वर. तुझ्या मोबाइलातल्या अळ्यांवर कोण आपलं घर अडवून ठेवंल?"

ह्यात एक गोष्ट भाऊंची खरी होती. दुसऱ्याकडची घाण कुणाला खरी वाटत नाही.

तो घट बसायच्या आधीचा आठवडा होता. आमच्याकडं घटाच्या आधी घरातलं एकूण एक कापड धुवून निघतं. चादरी, पडदे, पिशव्या, आणि शेवटी गोधड्या. गल्लीत त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. दगडावर बाया जोड्यांनी उभ्या राहून गोधड्या तुडवतात, एकमेकींचे हात धरून, धोपटण्यानं बदडतात, आणि साबणाचं पाणी गटारातून निळं वाहतं. शनिवारी रात्रीचं जेवण झाल्यावर आई गोधड्या भिजत घालायला लागली आणि मी तिच्याकडे बघत बसले.

नमुना घर आमच्याकडं यायच्या आधी चार महिने कारखान्याच्या फाटकाशी उन्हापावसात उभं होतं. वॉचमन तिथंच आंघोळ करायचे, सेल्सची मुलं तिथंच चहाचे कप विसळायची. खाली काय साठलं असेल ते मला माहीत होतं. आणि साहेब उद्या काय बोलणार तेही माहीत होतं. प्रत्येक साइटवर ते तेच बोलायचे.

"आई," मी म्हणाले, "यंदा गोधड्या दगडावर नको धुऊस."

"मग? तुझ्या डोक्यावर धुवू?"

"नमुना घरात धू."

आई वाकलेली होती ती सरळ झाली. तिला समजायला वेळ लागला नाही. "तुझी नोकरी जाईल की गं."

"जाऊ दे."

"जाऊ दे म्हनायला काय जातंय." ती परत वाकली. थोड्या वेळानं म्हणाली, "आबांची गोधडी घेती. ती लई जड हाय."

रविवारी नमुना घराला झेंडूच्या माळा. आत शिरलं की लव्हेंडरचा असा भपकारा, की डोळे चुरचुरावेत. कोपऱ्याकोपऱ्यात सुगंधाच्या बाटल्या लावल्या होत्या. बाहेरच्यांना वाटलं, वा, काय थाट. मला त्या वासाखालचा दुसरा वास येत होता. एखादा माणूस घाणेरड्या सदऱ्यावर अत्तर मारून शेजारी येऊन बसतो ना, तसं. माझी ड्यूटी बाथरूमच्या दाराशी. सूचना अशी, की लोकांना बाहेरूनच दाखवायचं, नळ सोडू द्यायचा नाही.

मोठे साहेब हॉलमध्ये उभे राहून गोड बोलत होते. "या काकू, या मावशी. लाजायचं नाही. हे तुमचंच घर आहे. आपलंच समजा, बिनधास्त वापरून बघा."

"खरंच वापरू का, साहेब?" मागून आईचा आवाज.

"अहो, वापरायलाच तर आहे!"

गर्दी बाजूला झाली. आई पुढं, डोक्यावर भिजलेल्या गोधडीची पाटी, पाणी ठिबकतंय. तिच्यामागं शेजारची काकी, हातात धोपटणं. साहेबांचं हसू गालावर राहिलं, डोळ्यांतून गेलं.

"हे... हे काय?"

"घट बसत्यात मंगळवारी," आई म्हणाली. "धुनं र्‍हायलंय. म्हनलं, आपलंच घर हाय तर हितंच धुवावं."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी दारातून बाजूला झाले आणि नळ पूर्ण सोडला.

आईनं गोधडी पसरली, वर बादली ओतली, साडी खोचली आणि उभी राहिली. काकीनं तिचे हात धरले. दोघी तुडवायला लागल्या. धप धप, धप धप. पहिल्यांदा लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "काकी, फुगडी घाला आता." काकी म्हणाली, "तू ये की मधी, तुला पण तुडवती." सेल्सची मुलगी कागदी हसत होती. साहेब म्हणत होते, "बास बास, मावशी, कळलं." आईनं मान वर केली नाही. जमीन तिच्या पायाखाली आत-बाहेर होत होती, एखादी भिजलेली गादी असावी तशी. मग काकीनं धोपटणं घेतलं आणि दोन हाणले.

आधी आवाज आला. पचक. मग जाळीपाशी एक बुडबुडा फुटला, आणि दाराच्या पट्टीखालून ते बाहेर आलं. काळं. हॉलच्या पांढऱ्या टाइलवर हळूच, एखादी जीभ बाहेर यावी तसं. आई एक पाऊल दाबायची, ते एक वीत पुढं यायचं. तिच्या पायांचा पंपच झाला होता.

मग वास. लव्हेंडर त्याच्यापुढं टिकलं नाही, उलट दोन्ही मिसळून असं काही झालं, की पुढची ओळ मागच्यांना ढकलत दाराकडं धावली. एका म्हाताऱ्यानं तिथंच खिडकीतून मान बाहेर काढली. सेल्सची मुलगी स्प्रे घेऊन धावली आणि त्या काळ्या ओघळावर स्प्रे मारायला लागली. त्या बिचारीला दुसरं काही शिकवलंच नव्हतं.

"हे गोधडीचं पाणी आहे!" साहेब ओरडले. नाकाला रुमाल, बुटांवर काळे शिंतोडे. "किती घाण गोधडी आणलीय ही!"

आई थांबली. घामानं डबडबलेली. "साहेब, माझ्या गोधडीत माणूस निजतंय. म्हस न्हाई."

गल्ली हसली, पण नाक धरून.

मी पर्समधून स्क्रू ड्रायव्हर काढला, जाळी उचकटली, सांध्याची टाइल वर केली आणि मोबाइलचा दिवा आत मारला. "या, बघून घ्या," मी म्हणाले. "ज्याला सभेत हात वर करायचाय त्यानं आधी इथं वाकायचं." आणि मग जे मीटिंगमध्ये सांगितलं होतं तेच सांगितलं: ट्रे, पोकळी, सांधा, पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. फरक एवढाच, की ह्या वेळी ऐकणारे हसले नाहीत. बायका एकेक करून वाकल्या आणि तोंड दाबून मागं सरकल्या. भाऊ वाकले नाहीत. ते दारातूनच म्हणाले, "हे काय, रिपेर व्हईल."

"आपण नंतर बोलू," साहेब मला म्हणाले. नंतर काही बोलले नाहीत. ओळखपत्र गेटवर ठेवून जायचं असा निरोप सोमवारी आला.

संध्याकाळी सभा झाली. सगळं एकदम निवळलं असं मला म्हणता येणार नाही. भाऊंनी सांगितलं, कंपनी प्रत्येकाचं बाथरूम तपासून देईल, लेखी देईल. समोरच्या घरातला एकजण उठून माझ्याकडं बोट करून म्हणाला, "हिला काय, ही उद्या लगीन करून बिल्डिंगीत जाईल. माझा पोरगा माळ्यावरच म्हातारा व्हायचा." मला ते लागलं, कारण तो मनापासून बोलत होता.

मग आबा उठले. सभेत ते कधी बोलत नाहीत. "परवा म्या होय म्हनलं व्हतं," ते म्हणाले. "ते माघारी घेतो. माझ्या तोंडाकडं बघून ज्यानी ज्यानी होय म्हनलंय, त्यांनी पन आपलं आपन बघावं. घर पाहिजे मला बी. पन मोरी हितं जाग्यावर बांधा, इटा-सिमेटाची, पानी भरून दाखवा. मग आमच्या घराची चावी घ्या." एवढं बोलून बसले. गुडघ्यावर हात ठेवून, गोणी उतरवल्यासारखे.

आबांच्या अटीवर हात वर झाले. सगळे नाही, पण पुरेसे. भाऊंनी कंपनीला फोन लावला. कंपनीनं सांगितलं, जागेवर बाथरूम बांधायचं तर आमचा वेग जातो. त्यांनी आमची गल्लीच सोडून दिली. एका मोरीत काँक्रीट ओतण्यापेक्षा दुसरी माणसं शोधणं त्यांना सोपं होतं.

आणि त्यांनी ती शोधलीही. घट बसले त्याच दिवशी दुपारी क्रेन आली. नमुना घर साखळ्यांनी बांधलं, उचललं. हवेत जरा कललं मात्र, पोटातून उरलेलं सगळं भसकन खाली. मैदानात, झेंडूच्या माळांवर. पोरं ओरडत पळाली. गल्लीतल्या बायका घटाची परडी सोडून ब्लीचिंग पावडर घेऊन धावल्या. कुणी भाऊंना हाक मारली, तर भाऊ घरात नाहीत. बॅनर कंपनीच्या माणसांनी आधीच उतरवला होता, माझं तोंड घडी करून ट्रेलरवर टाकलं होतं.

ट्रेलरचा ड्रायव्हर उरणकडचा होता. मी विचारलं, "दादा, कुठं नेताय?"

"उलव्याच्या पुरं, ताई. तिथं गावानच्या लोकांना दाखवाचा हाय. टाइल बदलून ठेवनार म्हनतान." त्यानं नाक वाकडं केलं. "मना तं पोचेपरत वास सोसाचा हाय."

मी उभीच राहिले. म्हणजे तिथंही माळा, तिथंही लव्हेंडर. तिथंही कुणाचा तरी बाप कुणाच्या तरी शब्दावर होय म्हणणार. आणि साहेब म्हणणार, आपलंच घर समजा. मला इतकी किळस आली, की थुंकायला सुद्धा तोंडात ओल नव्हती.

ट्रेलर वळणावर पोचला होता, मागं रस्त्यावर काळी रेघ सोडत. दुसरी नोकरी अजून मिळाली नव्हती, त्यामुळे वेळच वेळ होता. मी स्कूटी काढली.

"कुठं निघालीस?" आई दारातून.

"उलव्याला. सांगायला."

"तुझं कोन ऐकतंय? तिथं काय तुझा बॅनर हाय?" तिनं हातातली पावडर झटकली, चप्पल पायात सरकवली. "थांब. मी येती."

पदराचं टोक नाकाला लावून ती मागं बसली आणि आम्ही त्या वासामागून निघालो.